पेन्सिलीतला शरभ जिवंत होता, रंगवला की परत दगड होतो. काय चुकतंय?

रेघोटी
गेल्या पावसाळ्यात मावशीबरोबर शिवनेरीला गेले होते. दरवाज्यावरचं शरभाचं, म्हणजे सिंहासारख्या काल्पनिक प्राण्याचं, शिल्प आधीही पाहिलं होतं, पण त्या दिवशी पाऊस नुकताच थांबलेला, कातळ ओला काळाभोर, आणि शरभाच्या मानेवरून पाण्याची एक बारीक धार खाली येत होती. क्षणभर वाटलं, हा श्वास घेतोय. त्याच रात्री घरी येऊन काढला. मागचं अर्धं अंग अजून दगडात रुतलेलं, पुढचे दोन पाय भिंतीतून बाहेर आलेले, पंख नुकते उघडतायत, आणि खाली पायरीवर एक मुलगी मशाल धरून उभी. ए-फोर कागद, २बी पेन्सिल, दोन तास. त्या चित्रात काहीतरी आहे हे मला काढतानाच कळत होतं.

आता तो संगणकावर रंगवायचाय. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून स्कॅन करून आणला, क्रिता या चित्रं रंगवायच्या प्रोग्रॅममध्ये उघडला, रेखाटनाचा थर 'मल्टिप्लाय' (खालचा रंग दिसू देणारा मोड) केला आणि खाली रंग भरले. तीनदा सगळं पुसून पुन्हा केलं. तिन्ही वेळा तेच झालं. अख्ख्या चित्रावर धूळ बसल्यासारखी दिसते. शरभ प्लास्टरचा वाटतो. पंखांवरच्या ज्या हलक्या रेघा मला सगळ्यात आवडत होत्या त्या तर दिसतच नाहीत.

दोन प्रश्न आहेत. एक, तुम्ही कागदावरून संगणकावर नेताना नक्की काय करता? आणि दुसरा, शेवटी पेन्सिलची रेघ ठेवता की रंगाखाली गाडून टाकता?

शाईवाला
रंगाचं नंतर बघू, आधी स्कॅनचं सांगा. किती डीपीआय, म्हणजे इंचाला किती ठिपके? ग्रेस्केल की रंगीत? फाइल कुठल्या प्रकारची मिळाली?

रेघोटी
फाइल जेपेग आहे. माहितीत २०० डीपीआय दिसतंय. बाकी दुकानदाराला विचारलं नव्हतं.

शाईवाला
मग निम्मं उत्तर तिथेच आहे. दुकानातली यंत्रं बहुतेक वेळा मजकुरासाठी लावलेली असतात. आधार कार्ड, मार्कशीट, करारनामे. त्यात काळं ते आणखी काळं आणि फिकट ते पांढरं करून टाकतात, कारण अक्षर वाचता यायला हवं. तुमच्या पंखांवरच्या हलक्या रेघा म्हणजे यंत्राच्या लेखी कागदावरचा मळ. त्याने तो साफ करून दिला. त्या रेघा तुमच्या फाइलमध्ये नाहीतच, त्यामुळे कुठलीही युक्ती करून त्या परत येणार नाहीत. पुन्हा स्कॅन करा. फोटो मोडवर, आपोआप सुधारणा करणारं जे जे असेल ते बंद करून, निदान ३०० आणि जमल्यास ६०० डीपीआयला, टिफ किंवा पीएनजीमध्ये. जेपेग नको. बारीक रेघेच्या कडेला त्यात चौकोनी कचरा जमतो, आणि तुम्ही कडा उजळवायला गेलात की तो कचराही उजळतो.

आणखी एक. ६बी वगैरेने गडद केलेला भाग असेल तर ग्राफाइट चकाकतं आणि स्कॅनरच्या दिव्याखाली काळ्याऐवजी करडं येतं. तुमची २बी आहे, त्यामुळे फारसा त्रास होऊ नये. मात्र कागदावर फिक्सेटिव्ह (पेन्सिल पुसली जाऊ नये म्हणून मारायचा फवारा) मारा, वाळू द्या, मगच काचेवर ठेवा. नाहीतर तुमची पेन्सिल पुढच्या माणसाच्या मार्कशीटवर जाईल.

कोकणकडा
वाचतोय. माझाही एक वेताळ वहीत पडून आहे.

खारूताई
शाईवाले म्हणाले त्यात थोडी भर घालते, कारण "धूळ बसल्यासारखी" हे वाक्य वाचून मला माझी पहिली दोन वर्षं आठवली.

'मल्टिप्लाय' म्हणजे अक्षरशः गुणाकार. पांढऱ्याला १ माना, काळ्याला ०. वरच्या थराची किंमत गुणिले खालच्या थराची किंमत. वर शुद्ध पांढरा असेल तर खालचा रंग जसाच्या तसा राहतो, म्हणून आपण म्हणतो की पांढरा "नाहीसा" होतो. पण स्कॅन केलेला कागद कधीच शुद्ध पांढरा नसतो. २५५ पैकी २१५ वगैरे येतो, म्हणजे साधारण ०.८४. आता तुमचा प्रत्येक रंग, अगदी मशालीची ज्योतसुद्धा, ०.८४ ने गुणली जातेय. कितीही उजळ रंग घ्या, वर कागदाची पातळ चादर आहेच. ती धूळ म्हणजे ही चादर.

उपाय 'लेव्हल्स', म्हणजे काळं आणि पांढरं टोक कुठे असावं ते ठरवणारी पट्टी. पांढरं टोक डावीकडे सरकवा, कागद जेमतेम पांढरा होईपर्यंत. जेमतेम. आणखी ओढलंत तर पंखांच्या रेघा पुन्हा जातील. मी तर थोडा कागद राहिला तरी चालवते आणि उरलेलं मास्कने (थराचा हवा तेवढा भाग झाकायची सोय) हाताने साफ करते, म्हणजे जिथे हलकी रेघ आहे तिथे हातच लावत नाही.

त्यापेक्षा चांगला रस्ता म्हणजे क्रितामधलं 'कलर टू अल्फा'. पांढरा रंग निवडला की पांढरेपणाच्या प्रमाणात थर पारदर्शक होतो आणि हातात फक्त ग्राफाइट उरतं. मग मल्टिप्लायची गरजच पडत नाही. आणि त्या थराची पारदर्शकता कुलूपबंद केली की रेघांना हवा तो रंग देता येतो. मशालीजवळची रेघ तपकिरी, दगडातली निळसर काळी. करडी रेघ कुठल्याही उबदार रंगावर मळकटच दिसते, रेघ रंगवली की तिथल्या तिथे फरक पडतो.

घरी स्कॅनर नसेल तर फोन चालतो. ढगाळ दिवशी खिडकीशी, कागद भिंतीला सपाट चिकटवून, थोडं मागे सरकून झूम करून फोटो घ्या, जवळून काढला तर कडा फुगतात. उजेड एका बाजूला जास्त येईल. तेव्हा थराची प्रत काढा, ती इतकी धूसर करा की रेघा पूर्ण विरघळतील आणि फक्त उजेडाचा चढउतार उरेल. ती प्रत वर ठेवून मोड 'डिव्हाइड' करा. उजेडाला उजेडाने भागलं की कागद सगळीकडे सारखा पांढरा. मोठा गडद पट्टा असेल तर मात्र तोही फिका पडतो, तेवढं बघा.

पायरीवरचा
डिव्हाइडची युक्ती! सहा वर्षं मी कोपरे हाताने उजळवत बसलोय. धन्यवाद खारूताई.

जुना खडू
मी ३१ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसलेली कित्येक पोरं हाताखालून गेली. संगणकावर रंगवायला निवृत्तीनंतर शिकलो, नातवाने डिजिटल पाटी दिली म्हणून. त्यामुळे थर आणि मोड यांबद्दल वरची मंडळी जास्त जाणतात. पण बाळा, तुझ्या वर्णनात मला एक गोष्ट दिसली नाही. उजेड कुठून येतोय?

तू लिहिलंस तीनदा पुसून पुन्हा रंगवला. तिन्ही वेळा सुरुवात रंगाने केलीस ना? पेन्सिलचं चित्र जिवंत दिसतं कारण त्यात तू नकळत छायाप्रकाश ठरवला होतास. कुठे दाबलंस, कुठे कागद सोडलास. रंग भरताना तो निर्णय पुसला गेला आणि प्रत्येक भागाला "त्याचा" रंग मिळाला. दगडाला करडा, पंखाला निळा, मुलीच्या ओढणीला लाल. आम्ही याला रंगभरण म्हणायचो. चौथीच्या पुस्तकात असतं ते.

आता काय कर. काड्यापेटीएवढे सहा चौकोन आख. प्रत्येकात फक्त तीन छटा, काळी, मधली, पांढरी. रेघ नाही, पिसं नाहीत, नखं नाहीत. सहा वेगवेगळ्या तऱ्हांनी उजेड टाकून बघ. ज्या चौकोनात शरभ डोळे बारीक करून पाहिला तरी ओळखू येतो तो घे. याला अर्धा तास लागेल. तिन्ही वेळा पुसण्यात किती लागला होता?

रेघोटी
सर, तीन रविवार.

उजेड असा आहे: वर चंद्र, खाली मुलीची मशाल, आणि शरभाचे डोळे आतून पेटलेले.

जुना खडू
तीन सूर्य झाले. एकाला राजा कर, दुसऱ्याला प्रधान कर, तिसऱ्याला रजा दे.

निळी सावली
सरांशी उजेडाबद्दल सहमत, पण "आधी करडं, मग रंग" या वाटेला लागू नकोस असं मी स्पष्ट सांगेन. आंतरजालावर सगळीकडे तेच शिकवतात. आधी पूर्ण चित्र काळ्यापांढऱ्यात रंगवा, मग वर 'कलर' मोडचा (खालची छटा तीच ठेवून फक्त रंग बदलणारा) थर टाका. मी दोन वर्षं तसं केलं आणि माझी सगळी पात्रं ब्लॅक अँड व्हाइट फोटोला रंग दिल्यासारखी दिसायची. कारण सरळ आहे. खऱ्या उजेडात छटा बदलते तेव्हा रंगही बदलतो. मशालीच्या उजेडातली त्वचा उजळ भागात पिवळट नारिंगी असते, जिथे उजेड संपतो त्या काठावर लाल होते, आणि सावलीत आकाशाचा निळा शिरतो. तू एकच तपकिरी रंग 'कलर' मोडने करड्यावर टाकलास तर उजळ, मध्यम, गडद सगळीकडे तोच तपकिरी. जीव तिथेच जातो.

मी आता थेट रंगाने सुरू करते. अख्ख्या कॅनव्हासवर आधी सावलीचा रंग फासते, रात्रीचं चित्र म्हणजे निळसर जांभळा, आणि त्यातून उजेड बाहेर काढत जाते.

खारूताई
निळी सावली, करड्यातून जाणाऱ्यांनी 'कलर' मोडऐवजी 'ग्रेडियंट मॅप' वापरला तर तुम्ही म्हणता तो दोष बराच टळतो. गडद छटेला निळा, मधलीला लालसर तपकिरी, उजळला पिवळा नेमून दिला की छटेबरोबर रंगही सरकतो. दगडाला एक मॅप, त्वचेला दुसरा, पिसांना तिसरा, प्रत्येकाला मास्क. पण तो फक्त पाया असतो हे खरं. त्यावर साध्या मोडमध्ये हाताने रंगवावंच लागतं.

निळी सावली
मान्य. मास्कच्या कडा कात्रीने कापल्यासारख्या राहू देऊ नका, एवढंच.

जुना खडू
माझं म्हणणं छटा आधी ठरवाव्यात एवढंच होतं. पुढे करड्यातून जा की रंगातून. काड्यापेटीतलं चित्र शेजारी उघडं असलं आणि मधूनमधून ताडून पाहिलं म्हणजे झालं.

शाईवाला
ताडून पाहायला सोपी सोय: सगळ्यात वर काळा भरलेला थर, मोड 'कलर'. दिवा लावल्या-विझवल्यासारखा चालू-बंद करायचा. चालू केला की चित्र करडं दिसतं आणि कुठे छटा एकमेकींत बुडाल्या ते लगेच कळतं. लाल ओढणी आणि काळा दगड रंगात कितीही वेगळे वाटले तरी करड्यात बऱ्याचदा एकच असतात.

गडवाट
चित्रकलेतलं मला कळत नाही, पण शरभ म्हटल्यावर राहवलं नाही. पंख काढलेत ते कुठल्या आधाराने? आपल्या गडांवरचे बरेचसे शरभ सिंहासारख्या देहाचे असतात, काहींनाच पंख दिसतात. पुराणकथेतला शरभ म्हणजे नरसिंहाला शांत करायला शिवाने घेतलेलं रूप, अर्धा सिंह, अर्धा पक्षी, आणि पाय आठ. जंजिऱ्याच्या दरवाज्यावरचं शिल्प पाहिलंत का? पंजांत हत्ती धरलेत, शेपटीतही हत्ती गुंडाळलाय. त्या हत्तींच्या आकारावरून प्राण्याची ताकद कळते. तुमच्या चित्रात मुलगी आहे, ते काम ती करेल.

आणि दगड जरा जपून. शिवनेरी म्हणजे बेसॉल्ट. काही जण गड म्हटलं की तांबूस रंगवतात, तो जांभा, तो खाली कोकणात.

रेघोटी
गडवाट, पंख मी पुराणातल्या पक्ष्याकडून घेतले, देह दरवाज्यावरचा. आठ पायांचा विचार केला होता. पण मागचं अंग भिंतीतच असल्यामुळे बाकीचे पाय अजून दगडातच आहेत असं मी धरून चाललेय. :)

गडवाट
हे आवडलं. मग भिंतीवर त्या पायांचे उठाव हलकेसे दाखवा.

पायरीवरचा
ओल्या बेसॉल्टवर दोन शब्द. दगड ओला झाला की त्याचा मूळ रंग गडद होतो, पण पाण्याचा पातळ पापुद्रा आरशासारखा चमकतो. म्हणजे एकाच वेळी काळा अधिक काळा आणि चमक अधिक तीक्ष्ण. मधल्या करड्या छटा जवळजवळ नाहीशाच होतात. कोरड्या दगडात याच्या बरोबर उलट, सगळा खेळ मधल्या छटांचा. म्हणून "प्लास्टर" दिसत असेल तर मी म्हणेन, दगडावरच्या मधल्या छटा काढून टाका आणि मशालीच्या बाजूला बोटभर लांबीच्या तीक्ष्ण चमका द्या. त्या चमकांचा रंग दगडाचा घेऊ नका, ज्योतीचा घ्या.

आणि पंख भिंतीपेक्षा दूर असतील तर उजेडाचं गणित लक्षात ठेवा. अंतर दुप्पट झालं की उजेड पाव होतो. मशाल पुढच्या पंजापासून एक हातावर आणि पंखाचं टोक चार हातांवर असेल, तर पंखाच्या टोकाला सोळावा हिस्सा. हे मी चित्रात डोळे झाकून पाळत नाही, पण सगळीकडे सारखा उजेड टाकायची खोड यानेच गेली.

एकटा_टक
एवढं सगळं कशाला? स्कॅन करून एआयला द्या, मिनिटात रंगवून देईल.

रेघोटी
देईल. पण ती पाण्याची धार मी पाहिली होती. ती मानेच्या कुठल्या बाजूने उतरत होती, कुठे फुटत होती, हे मला रंगवायचंय. मला नुसतं झालेलं चित्र नकोय, करायचंय.

कोकणकडा
+१

जुना खडू
स्मरणचित्राच्या पेपरला पोरांना हेच सांगायचो. पाहिलंयस ते काढ.

लोणावळेकर
थोडं अवांतर, पण थरांचा विषय निघालाय म्हणून. आमच्या इकडे मळवलीला राजा रविवर्म्यांचा छापखाना होता. सुरुवात १८९४ साली मुंबईत झाली, मग तो इकडे आला. तिथली चित्रं दगडांवरून छापत. प्रत्येक रंगाला स्वतंत्र दगड, आणि एकाच कागदावर एकावर एक रंग चढवायचे. पारदर्शक शाई आधीच्या रंगावर बसली की खालचा रंग आणखी गडद होतो. खारूताईंनी सांगितलेला गुणाकार आपल्याकडे सव्वाशे वर्षांपूर्वी दगडावर चालायचा. एखादा दगड केसभर सरकला तरी देवीच्या ओठांचा रंग गालावर यायचा. जुन्या प्रती नीट बघितल्या तर असे सरकलेले रंग सापडतात.

निळी सावली
लोणावळेकर, अवांतर कसलं, मुद्द्याचंच आहे. माझ्या आजीकडे एक लक्ष्मी आहे, भिंगाने पाहिली तर चेहरा ठिपक्यांचा बनलेला आहे. आणि संगणकावर सगळे जी मऊ हवेसारखी छटा एअरब्रशने आणतात ती चित्रकार रघुवीर मुळगावकरांनी खऱ्या एअरब्रशने, म्हणजे रंगाच्या बारीक फवाऱ्याने, आणली होती. त्यांच्या देवांच्या चेहऱ्यामागचं तेज बघा. पण नीट पाहिलं तर मऊपणा फक्त तेजात आणि गालांवर आहे. दागिन्यांच्या कडा सुरीसारख्या धारदार. नवीन माणूस मऊ ब्रश सगळीकडे फिरवतो आणि चित्र साबणाच्या वडीसारखं होतं. रेघोटी, तू कुठला ब्रश वापरतेस?

रेघोटी
...मऊ. सगळीकडे.

निळी सावली
मग आजपासून तो एका कोपऱ्यात ठेव. एक कडक गोल, एक खडूसारखा पोताचा, बस. मऊ फक्त मशालीभोवतीच्या उजेडाला आणि धुक्याला.

एडिसनकर
इकडे न्यू जर्सीत सार्वजनिक वाचनालयात स्कॅनर फुकट वापरता येतो, मी मुलीची रेखाटनं तिथेच स्कॅन करते. पहिल्यांदा ६०० डीपीआयला केलं आणि टॅब्लेटने थरच कमी करून टाकले. हिशोब करून बघितला. ए-फोर ३०० ला म्हणजे २४८० बाय ३५०८ पिक्सेल, एका थराला सुमारे ३५ एमबी. ६०० ला त्याच्या चौपट, सुमारे १४० एमबी. तेव्हा स्कॅन ६०० ला करून मूळ फाइल जपून ठेवा आणि रंगवायला ३०० ची प्रत घ्या.

दुसरा अनुभव. मी आता आधी फिक्या निळ्या पेन्सिलने ढोबळ बांधणी करते आणि वर काळ्या पेन्सिलने पक्कं. रंगीत स्कॅन करून फक्त निळा चॅनल (चित्रातला निळ्या उजेडाचा भाग) पाहिला की निळी बांधणी जवळजवळ गायब होते, काळी रेघ तेवढी उरते. खोडरबर लागत नाही, कागदाचा पोत खराब होत नाही.

कोकणकडा
दुसऱ्या प्रश्नाचं काय झालं? रेघ ठेवायची की गाडायची? मला त्याचंच उत्तर हवंय.

शाईवाला
मी ठेवतो. मी शाईतून आलोय, माझं चित्र रेघेवर उभं असतं. चित्रकार दीनानाथ दलालांची मुखपृष्ठं बघा, रेघ काढून घेतली तर काय उरेल? रेघ रंगीत करा, पण ठेवा.

पायरीवरचा
मी गाडतो. प्रकाशात वस्तूंना बाह्यरेषा नसते, एक छटा संपते आणि दुसरी सुरू होते. रेघ राहिली की खोली मरते. अर्ध्या वाटेवर मी रेघेचा थर ४० टक्क्यांवर आणतो, मग २०, मग बंद. वर नवा थर घेऊन रंगवत जातो.

निळी सावली
काही ठिकाणी ठेवते, काही ठिकाणी गाडते. जिथे नजर थांबावी असं वाटतं तिथे कड धारदार, जिथून नजर सरकून जावी तिथे कड हरवलेली. पेन्सिल करताना आपण हे आपसूक करतो, कुठे दाबतो, कुठे उचलतो. रंगात तेच मुद्दाम करावं लागतं.

जुना खडू
तीन जाणकार, तीन उत्तरं. पोरीला आता स्वतःचं उत्तर शोधावं लागणार. चांगलंच आहे.

रेघोटी
मंडळी, १२ दिवसांनी परत आलेय. सगळं पहिल्यापासून केलं.

मैत्रिणीच्या ऑफिसातल्या स्कॅनरवर ६०० ला, ग्रेस्केल, टिफ. पंखांच्या रेघा दिसल्या तेव्हा खुर्चीतून उठलेच. तिथे एक हलकी वळणदार रेघ होती, ती काढल्याचं मला आठवतसुद्धा नव्हतं. कलर टू अल्फा केलं. सहा चौकोन आखले, सर. पाचवा घेतला. चंद्राला रजा दिली. मशाल राजा, डोळे प्रधान. आकाशात फक्त पावसाळी रात्रीचा निळसर काळा.

गडद निळ्या जांभळ्याने सुरुवात केली आणि मशालीपासून उजेड बाहेर काढत गेले. दगडावरच्या मधल्या छटा खरवडून काढल्या, चमका ज्योतीच्या रंगाच्या दिल्या. एका रात्रीत भिंत ओली दिसायला लागली. आईने मागून येऊन विचारलं, "पाऊस पडतोय का यात?" पाऊस काढलेला नाही.

पिसांसाठी नीलकंठाचे फोटो पाहिले. निळा आधी एकसारखा भरत होते. मग वाचलं की तो निळा रंगद्रव्याचा नसतोच, पिसाच्या बारीक रचनेवर उजेड विखुरल्यामुळे दिसतो. मला त्यातून चित्रापुरतं एक सुचलं, की उजेड नाही तिथे निळाही नाही. म्हणून मशालीकडची पिसंच निळी केली, बाकीची जवळजवळ काळी ठेवली.

आता अडचण. शरभाचं दगडातलं अंग छान आहे, बाहेरचं अंग छान आहे, पण दोन्ही जिथे जुळतात तिथे कापून चिकटवल्यासारखं दिसतंय. आणि हे चित्र मावशीला छापून द्यायचंय, तिच्यामुळेच हे सगळं सुरू झालं.

खारूताई
मस्त! छपाईचं सांगते. चित्र एसआरजीबीत, म्हणजे पडद्याच्या नेहमीच्या रंगपद्धतीत, असणार. छपाईच्या चार शाईंना पडद्यावरचे सगळे रंग जमत नाहीत, विशेषतः झगमगीत निळे आणि ज्योतीचे नारिंगी. एका दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठात माझा असाच नीलमणी शाळेच्या गणवेशाचा निळा होऊन आला होता. छापणाऱ्याकडून प्रोफाइल (त्याच्या यंत्रावर रंग कसे येतात ते सांगणारी फाइल) मागून घ्या आणि सॉफ्ट प्रूफ चालू करून छापलेलं कसं दिसेल ते पडद्यावर आधीच बघा. निळा मेला असं दिसलं तर त्याला वाढवत बसू नका, शेजारचा रंग आणखी दबवा. आणि रात्रीचं चित्र छापून पडद्यापेक्षा गडद येतं, म्हणून आधी एक लहान नमुना काढून घ्या.

निळी सावली
जोडाबद्दल: दगडाला पोताचा ब्रश आणि अंगाला कडक गोल वापरलास का? तसं असेल तर ब्रशच बदलतोय म्हणून जोड दिसतोय. पोताचा ब्रश खांद्यापर्यंत आण, गोल थोडा भिंतीत ने. एकमेकांच्या हद्दीत जाऊ देत. आणि चित्र आरशातल्यासारखं आडवं उलटं करून बघ, डोळा सरावला की जोड दिसेनासा होतो, उलटं केलं की ठळक दिसतो.

पायरीवरचा
दगडातली एखादी भेग घ्या आणि ती न तोडता अंगावर पुढे न्या, जिथे ती हळूहळू आयाळीची बट होईल. नजर त्या भेगेवरून चालत पलीकडे जाते.

जुना खडू
बाळा, मूळ कागदावर तो जोड तू कसा काढला होतास? तो बघ आधी.

रेघोटी
सर, बघितला. कागदावर तिथे जवळजवळ काहीच नाही. चार-पाच तिरप्या रेघा, मध्ये कोरा कागद. मी तिथे पेन्सिल उचलली होती.

काल रात्री त्या जागेवरचा सगळा रंग पुसला. पायरीवरचा यांची भेग ओढली, ती आयाळीत नेली. निळी सावली म्हणते तसा पोत खांद्यावर आणला. आणि मग रेखाटनाचा थर, जो मी बंद करून ठेवला होता, फक्त तेवढ्या जागी मास्कने परत उघडला. गडद तपकिरी करून. बाकी सगळीकडे रेघ गाडली गेलीय. त्या वीतभर जागेत पेन्सिल तशीच आहे, कागदाच्या दाण्यासकट, आणि तिथूनच तो बाहेर येतोय असं दिसतंय.

कोकणकडा, माझं उत्तर सध्या तरी हे. तुमचा वेताळ कुठे आहे?

कोकणकडा
स्कॅन करून आणला. ६०० ला, फोटो मोडवर. दुकानदाराला दोनदा सांगावं लागलं. रात्री काड्यापेटी घेऊन बसतो.

गडवाट
रेघोटी, भिंतीत बाकीचे पाय दाखवलेत का?

रेघोटी
दोन दिसतात. तिसरा ओळखायचा असेल तर मशालीच्या उजव्या बाजूला, खालच्या चिऱ्यात, पाण्याची धार जिथे वळते तिथे बघा. मावशीला अजून सापडलेला नाही.